डोंगरात एकच सुरी न्यायची, तर ती कशी निवडावी

तोरणा, राजगड किंवा वेल्हे-मुळशीच्या रानात जाणाऱ्या बहुतेक पुणेकरांच्या सॅकमध्ये एखादा मिटणारा चाकू असतो. दिवसाच्या साध्या ट्रेकला तेवढा पुरतो. पण वाट चुकून रात्र रानात काढावी लागली, पावसाने बोटं गारठली आहेत, दोर कापायचा आहे आणि हाताशी फक्त भिजलेली लाकडं आहेत, अशा वेळी त्या चाकूचा सांधा आणि खटका हेच त्याचं सगळ्यात कच्चं अंग ठरतं. सांध्यात चिखल जातो, आडवा जोर पडला की तो ढिला होतो आणि खटका सुटला तर पातं थेट बोटांवर मिटतं. न मिटणाऱ्या सुरीला हा सांधाच नसतो. आणीबाणीसाठी एकच धारदार वस्तू जवळ ठेवायची, तर ती न मिटणारीच असावी.

खरी चूक होते ती त्यानंतर. लोक लांबलचक, जाडजूड, पाठीला करवतीचे दाते असलेलं पातं उचलतात. सह्याद्रीसाठी आमचं मत याच्या अगदी उलट आहे. तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडं लांब, साधं पातं घ्यावं, मूठ ओल्या हातातून न निसटणारी असावी आणि उरलेले पैसे चांगल्या म्यानावर आणि धारेच्या दगडावर घालावेत. आपल्याकडे सुरीचे दोन मोठे शत्रू आहेत: पावसाळ्यातला गंज आणि ओली, निसटती पकड. निवडीचा प्रत्येक टप्पा या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून पार करायचा.

आधी काम ठरवा

अडकलेल्या माणसाला सुरी कशासाठी लागते? दोर, पट्टे, बुटाची नाडी कापायला. जखमी माणसाची पँट जखमेपासून फाडून बाजूला करायला. ताडपत्री ताणण्यासाठी खुंट्यांना टोक काढायला. वाळक्या फांदीची भिजलेली साल काढून आतलं कोरडं लाकूड मोकळं करायला, आणि त्याच्या पातळ ढलप्या काढायला. आणि अर्थात काकडी-कांदा चिरायला. या सगळ्याला १० सेंमी पातं भरपूर होतं.

यात झाड तोडणं नाही आणि झुडपांतून वाट काढणंही नाही. करवंदीच्या जाळीत २५ सेंमीची सुरीसुद्धा कुचकामी ठरते, कारण तिचं वजन मुठीकडे असतं. घाव घालायला वजन टोकाकडे लागतं, आणि ते काम कोयत्याचं. गावातला वाटाड्या सोबत असेल तर कोयता त्याच्याकडे असतोच. तो त्यालाच चालवू द्यावा.

जाळासाठी ढलप्या काढण्याबद्दल पुढे बरंच येईल, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं आणि झाडं तोडणं-छाटणं हा गुन्हा आहे. किल्ल्यांच्या वास्तूंमध्ये चूल पेटवण्याने दगडी बांधकामाचं नुकसान होतं ते वेगळंच. जाळ हा जिवावर बेतल्यावरचा उपाय आहे. त्याचा सराव गच्चीवर किंवा अंगणात करावा, गडावर करू नये.

कायदा काय म्हणतो

हा भाग लांबी ठरवण्याच्या आधीच वाचावा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा (सुमारे २२.९ सेंमी) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५.१ सेंमी) रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. आपण सुचवतो ती सुरी या मापाच्या बरीच आत येते.

पण माप बसलं म्हणजे सगळं झालं असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली सणवार, निवडणुका, मोर्चे अशा काळात मनाई आदेश निघतात. त्या कलमात सुरी आणि काठी दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तिथे पात्याची लांबी विचारात घेतली जात नाही. कोयता गँगच्या बातम्यांनंतर पुण्यात या बाबतीत पोलिसांची नजर कडक झाली आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा शहरात, एसटीत, रेल्वेत सुरी कमरेला दिसता कामा नये. ती म्यानात, म्यान कापडात आणि ते सॅकच्या तळाशी. शेवटचं गाव मागे पडल्यावरच बाहेर काढायची. मेट्रोने स्थानकापर्यंत जायचा बेत असेल तर तो बदला. लोहगाव विमानतळावरून जात असाल तर सुरी चेक-इन बॅगेतच टाका.

अभयारण्यांचा नियम मात्र अनेक ट्रेकरांच्या कानावरही आलेला नसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच सुरी आहे. कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. भीमाशंकर, ताम्हिणी, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही सगळी अभयारण्यं आहेत. तिथे जाताना सुरी घरी ठेवावी. प्रथमोपचाराच्या पेटीतली, बोथट टोकाची, पट्ट्या कापायची कात्री आणि दिवसाउजेडी परतण्याचा बेत यांवर भागवावं.

लांबी, जाडी, रुंदी

पात्याची लांबी ९ ते १२ सेंमी, पाठीकडची जाडी २.५ ते ४ मिमी, रुंदी २२ ते ३० मिमी. म्यानाशिवाय वजन १०० ते २०० ग्रॅम.

१२ सेंमीच्या पुढे गेलं की टोक हातापासून दूर जातं आणि बारीक कामात ताबा सुटतो. ९ च्या खाली आलं की लाकूड फोडता येत नाही. फांदी फोडताना पातं तिच्यावर आडवं ठेवून पाठीवर दांडक्याने ठोकतात. पातं लाकडात बुडाल्यावरही टोक पलीकडे ३-४ सेंमी बाहेर राहायला हवं, कारण पुढचे ठोके तिथेच द्यायचे असतात. म्हणजे १० सेंमी पात्याने फार तर ६ सेंमी जाडीची फांदी फोडावी. त्याहून जाड लाकडाची आणीबाणीत गरजही नसते. मनगटाएवढी फांदी चार फाकींत फुटली की पोटातलं कोरडं लाकूड हाती येतं.

जाडीच्या बाबतीत ५-६ मिमीचा मोह टाळा. इतकं जाड पातं पाचर होतं. लाकूड फोडेल, पण दोर कापताना अडकेल, कांदा चिरताना चिरडेल आणि ढलपी पातळ निघण्याऐवजी तुटून पडेल. काटकुळ्या माणसाच्या हातात २.५ मिमीची सुरी दिवसभर चालते आणि ६ मिमीची तासाभरात मनगट दुखवते.

टँग: मुठीच्या आतलं पोलाद

पात्याचं पोलाद मुठीत किती खोल आणि किती रुंद शिरलंय, यावर सुरीची ताकद ठरते. या आतल्या भागाला टँग म्हणतात. फुल टँगमध्ये तो मुठीएवढाच लांब-रुंद असतो आणि मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी शेवटपर्यंत दिसते. दोन्ही बाजूंच्या फळ्या फुटल्या तरी त्यावर दोरी गुंडाळून काम भागतं. एकच सुरी न्यायची असल्यामुळे आम्ही हाच प्रकार सुचवतो.

निमुळत्या काडीसारखा टँगही वाईट नसतो, पण तो जिथे पात्याला मिळतो तिथला कोपरा गोलाकार हवा. तिथे काटकोनी खाच असली की ठोक्याचा सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि सुरी तिथेच मोडते. हा कोपरा मुठीखाली दडलेला असल्याने दुकानात दिसत नाही, हीच त्याची अडचण. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या 'कम्पॅनियन' सुरीचा टँग मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. साधारण १०.४ सेंमी लांब आणि २.५ मिमी जाड पात्याची ही हलकी सुरी कापण्यात अप्रतिम आहे, पण गाठाळ लाकडावर तिला ठोकू नये. त्याच कंपनीची 'गारबर्ग' फुल टँग आहे आणि तिचं पातं साधारण १०.९ सेंमी लांब, ३.२ मिमी जाड आहे. दोन्ही शेजारी धरून बघितल्या की फरक हातालाच कळतो.

पोकळ मुठीच्या, आत सुया, गळ आणि काड्या भरलेल्या सुऱ्या घेऊच नका. त्यांचं पातं एका आखूड बोल्टने किंवा वेल्डिंगने मुठीला जोडलेलं असतं, आणि ती जोडणी पहिल्या आडव्या जोरात जाते. सुया-काड्या पाउचमध्ये ठेवता येतात.

पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी

इथे पावसाळा निर्णय देतो. कार्बन पोलाद, उदाहरणार्थ ०.९५ टक्के कार्बनचं १०९५, झटकन धार घेतं आणि कुठल्याही दगडावर पाजवता येतं. पण जुलैत ताम्हिणीच्या बाजूच्या हवेत रात्रभर ओलं राहिलं, तर सकाळी धारेवर तांबूस ठिपके दिसतात. गंज पहिल्यांदा धारच खातो, कारण पोलाद तिथे सगळ्यात पातळ असतं. घरातली लोखंडी विळी चिंच-लिंबाने काळी पडते तसं हे पोलादही काळपट होतं. तो काळपटपणा निरुपद्रवी असतो. तांबडा थर मात्र लगेच काढावा लागतो.

सुऱ्यांच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण १३ टक्क्यांच्या आसपास असतं. स्वीडिश १२सी२७ (सुमारे ०.६ टक्के कार्बन, १३.५ टक्के क्रोमियम) आणि १४सी२८एन ही दोन पोलादं सह्याद्रीसाठी आमच्या यादीत सगळ्यात वर आहेत. ती सहज पाजवता येतात, तुटत नाहीत आणि गंज उशिरा धरतात. गंज धरतच नाहीत असं मात्र समजू नका. ओल्या चामडी म्यानात आठवडाभर ठेवलं तर स्टेनलेसवरही डाग पडतात.

डी२ बद्दल सावध राहा. त्यात १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, त्यामुळे कागदावर ते स्टेनलेसच्या जवळ दिसतं. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंज अडवायला थोडंच उरतं. धार खूप टिकते, मात्र गाठीवर आपटली तर तिचे तुकडे उडतात, आणि बोथट झाली की मुक्कामाच्या छोट्या दगडावर परत यायला फार वेळ घेते. दुसऱ्या टोकाला ४२०जे२ आणि ३सीआर१३ ही पोलादं. कार्बन जेमतेम ०.३ टक्के, गंज नाही, पण दोन खुंट्या तासल्या की धार वळते. नुसतं 'सर्जिकल स्टील' किंवा 'हाय कार्बन स्टेनलेस' असं छापलेलं असेल आणि प्रकाराचं नाव नसेल, तर आतलं पोलाद बहुधा याच जातीचं असतं.

पोलादाच्या नावापेक्षाही त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलंय, ते महत्त्वाचं. कडकपणा रॉकवेल सी मापात ५७ ते ५९ असावा. ५५ च्या खाली धार वळते, ६१ च्या वर ती ठिसूळ होते. निर्माता हा आकडा देत नसेल तर विचारा.

लोहाराकडून किंवा हाताने सुऱ्या बनवणाऱ्याकडून करून घेण्याचा पर्यायही चांगला आहे. गाडीच्या पाट्याचं पोलाद चिवट असतं आणि आपल्याकडचे कोयते पिढ्यान्‌पिढ्या त्यातूनच घडत आले आहेत. मात्र जुन्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या दणक्यांनी न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. म्हणून पाटा न वापरलेला मागावा, किंवा पुण्याच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत असलेलं ईएन-३१ हे बेअरिंगचं पोलाद घ्यावं (सुमारे १ टक्का कार्बन, १.५ टक्के क्रोमियम, त्यामुळे गंजतं). भोसरी-चाकणच्या पट्ट्यात हीट ट्रीटमेंट करणारी वर्कशॉप आहेत. पातं घडवून घ्या, पाणी तिथे द्या आणि कडकपणा मशीनवर मोजून मागा. भात्यावर अंदाजाने दिलेलं पाणी एखाद्या जुन्या हाताचं उत्तम असतं, पण तो हात माहितीतला हवा.

काळ्या लेपाचं पातं दिसायला भारी, पण लेप धारेवर नसतोच. त्यामुळे धार गंजायची ती गंजतेच, आणि दोर कापताना लेपाचं घर्षण वाढतं. लेप नसलेलं पातं घ्यावं.

धारेचा उतार आणि पात्याचा आकार

स्कँडी उतारात पात्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापासून एकच सपाट उतार थेट धारेपर्यंत येतो. दोन्ही बाजू मिळून साधारण २५ अंशांचा कोन होतो. लाकूड तासायला याला तोड नाही, आणि नवख्याला पाजवायलाही हाच सोपा, कारण तो सपाट उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप बसतो. पूर्ण सपाट उतारात पातं पाठीपासूनच निमुळतं होत येतं आणि शेवटी बारीक दुसरा उतार असतो. खाणं आणि दोर कापायला हा सरस. दोन्हींपैकी कुठलाही घ्या. आत खोलगट घासलेलं पातं टाळा. त्याची धार फार पातळ असते आणि ठोकताना चिरते.

टोक मध्यरेषेच्या जवळ येणारं, पाठीकडून हलकेच उतरणारं असावं. चोचीसारखं बारीक टोक लाकडात अडकलं की मोडतं. पाठीवरचे करवतीचे दाते काहीच कापत नाहीत, कारण खऱ्या करवतीसारखे ते आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला वाकवलेले नसतात. उलट पाठीवर ठोकताना दांडकं फाडतात आणि अंगठा टेकवायची जागा खातात. धारेवरचे अर्धे दातेही नकोत, कारण नेमका मुठीजवळचा सगळ्यात जोराचा भाग ते अडवतात आणि दगडावर पाजवता येत नाहीत.

पाठ मात्र काटकोनी कडेची असावी. फेरो रॉडवर (खरवडल्यावर ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीवर) ठिणगी पाडायला आणि सालीचा भुसा खरवडायला तीच कड लागते. पाठ गोल असेल तर सपाट कानशीने १०-१२ हात मारून काटकोन काढता येतो. टोकाकडचा भाग तसाच गोल ठेवा. ठिणगीची सवय असली तरी खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लायटर हवाच.

मूठ

तळहाताची रुंदी मोजा आणि त्यात १ ते १.५ सेंमी मिळवा. बहुतेकांना १०.५ ते १२ सेंमीची मूठ बसते. मूठ गोल नको, अंडाकृती हवी, म्हणजे अंधारात न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. बोटांसाठी खोल खाचा पाडलेली मूठ दुकानात छान वाटते, पण ती एकाच पकडीत बसते. पकड बदलली की त्याच खाचांचे उंचवटे हाताला फोड आणतात.

ओल्या हाताची परीक्षा दुकानात करता येत नाही, म्हणून घरी आणल्यावर लगेच करा. सुरी म्यानात ठेवून म्यान टेपने घट्ट बांधा, मुठीला आणि हाताला साबणाचं पाणी लावा आणि टोक टेबलावर जोरात दाबा. हात पात्याकडे घसरला तर ती सुरी परत करावी. आपल्या हवेत हाच दोष सगळ्यात जास्त बोटं कापतो. मुठीच्या पुढे छोटा अडसर किंवा ठळक उंचवटा हवा.

रबरी आणि कडक प्लास्टिकच्या मुठी ओल्यातही पकड देतात. मायकार्टा हे राळेत दाबलेलं कापड. ओलं झालं की त्याची पकड उलट वाढते, आमच्या मते फुल टँगसाठी हेच उत्तम. शिसवी मूठ देखणी असते, पण पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मग रिपिटांजवळ फट पडते. त्या फटीतून पाणी टँगवर जातं. लाकूडच हवं असेल तर मेअखेरीस जवसाच्या तेलाचे तीन हात, प्रत्येक हातात एक दिवसाचं अंतर ठेवून द्या. रंग शक्य तो नारिंगी. पाचोळ्यात पडलेली हिरवी-तपकिरी सुरी संध्याकाळी सापडत नाही.

म्यान

चामडं पाणी शोषतं, ते दिवसेंदिवस धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यंही पोलादाला मानवत नाहीत. पावसाळ्यासाठी कडक प्लास्टिकचं, उदाहरणार्थ कायडेक्सचं, म्यान घ्या, तळाला पाणी निघून जायला भोक असलेलं.

तपासणी सोपी आहे. सुरी म्यानात घाला, उलटी धरा, गादीवर हात ठेवून दहा-बारा जोरदार झटके द्या. निसटली तर म्यान नापास. मग एका हाताने काढून बघा: अंगठा म्यानाला रेटून पातं वर यायला हवं आणि त्या वेळी एकही बोट धारेसमोरून जाता कामा नये. शेवटी कमरेला लावून खाली बसा. म्यानाचं टोक मांडीत रुतत असेल तर उतारावर घसरताना ते आणखी रुतेल. अशा वेळी म्यान कमरेच्या पट्ट्यावर थोडं मागे घ्या.

दुकानात आणि घरी आणल्यावर

हातात घेऊन बघता आली तर उत्तम. धार डोळ्यांच्या रेषेत धरा आणि मुठीकडून टोकाकडे बघा. पातं वाकलेलं असेल तर लगेच दिसतं. ट्यूबलाइटखाली धार वर करा. पाजवलेली धार दिसत नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट किंवा वळलेली आहे. दोन्ही उतारांची रुंदी सारखी आहे का ते बघा. मूठ आणि पात्याच्या सांध्यावर नख फिरवा. नख अडकलं तर पाणीही शिरेल. चुंबक नेलात तर एवढंच कळेल की पातं ३०४ सारख्या भांड्यांच्या स्टेनलेसचं नाही, कारण ते चिकटत नाही आणि कडकही होत नाही. चुंबक चिकटला म्हणजे पोलाद चांगलं, असं मात्र सिद्ध होत नाही. ऑनलाइन घेताना नामांकित सुऱ्यांच्या नकला फार, म्हणून परत घेण्याची अट असलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

रानात नेण्याआधी एक संध्याकाळ घरी द्या. सोसायटीत छाटलेली वाळकी फांदी किंवा वखारीतली पट्टी आणा. आधी १०-१२ मिमी सुंभाचे २० तुकडे करा आणि नंतर वर्तमानपत्राचा कागद कापा. कागद फाटला तर पाणी कच्चं आहे किंवा कारखान्याची धार जळलेली आहे. एकदा पाजवून पुन्हा बघा, दुसऱ्यांदाही तसंच झालं तर सुरी परत करा. मग अंगठ्याएवढ्या काडीवर लांब, पातळ ढलप्या काढा, पण तोडू नका. काडीच्या टोकाला त्यांचा तुरा व्हायला हवा. मनगट सरळ ठेवून, कोपर हलवून पातं सरकवा. शेवटी ४-५ सेंमी जाडीची फांदी फोडा. ठोकायला लाकडाचंच दांडकं, दगड कधीही नाही. पातं आडवं, समतल. टोक खाली झुकलं की मुठीवर पिळा येतो. गाठ लागली की थांबा आणि दुसरी बाजू घ्या. बांबूवर जपून: त्याच्या सालीत सिलिका असते आणि धार भराभर जाते.

हे करताना दोन मांड्यांमध्ये लाकूड धरून कापू नका. तिथे मोठी रोहिणी आहे आणि तिला लागलेली जखम रानात आवरत नाही. कोपर गुडघ्यांच्या पुढे टेकवा, पातं अंगापासून बाहेर जाऊ द्या, आणि हात पसरून होतो तेवढ्या घेरात कोणी नसावं. कापलंच, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, उचलून बघू नका, आणि १०८ ला फोन लावा.

पाजवणं

पुण्याच्या बोहरी आळीत ४०० आणि १००० दाण्याचा जोडदगड मिळतो. तो नसेल तर ४००, ८०० आणि १५०० चा वॉटर पेपर काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर पाण्याने चिकटवा, काम तितकंच होतं.

स्कँडी असेल तर उतार टेकवून सरकवा. सपाट उताराच्या सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे २० अंश हवेत. ते असे मोजा: पातं २५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण ८.५ मिमी उचला. ३० मिमी रुंद असेल तर १० मिमी. त्या उंचीची नाण्यांची चवड पाठीखाली ठेवून कोन नजरेत बसवा आणि मग नाणी काढा. धारेला मार्कर पेनने रंग द्या, दोन हात मारा. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेचा गेला तर फार वर.

एका बाजूला घासत राहा, पलीकडच्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक बर (घासल्याने वळून आलेली पोलादाची खरखरीत कड) हाताला लागेपर्यंत. बर यायच्या आधी बाजू बदलणं ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि 'दगड चांगला नाही' ही तक्रार बहुधा तिथूनच येते. मग दुसरी बाजू, मग १००० दाणा, दाब कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, प्रत्येक बाजूला १५-२० हात.

पावसाळ्यात जपणूक

रानात रोज संध्याकाळी पातं पुसा, खोबरेल तेलाचं एक बोट दोन्ही बाजूंना फिरवा. शिलाई मशीनचं तेलही चालतं, पण त्याच सुरीने खाणं चिरायचं असेल तर खोबरेलच. आंबट काही कापलं तर लगेच धुवा. परत आल्यावर म्यान साध्या पाण्याने आतून धुऊन उलटं वाळत टाका. आत अडकलेली वाळू प्रत्येक वेळी पातं काढताना धार घासत राहते. बरेच दिवस ठेवायची असेल तर म्यानाबाहेर, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. तांबडा गंज दिसला तर तेल टाकून १००० च्या वॉटर पेपरने उताराच्या दिशेने घासा. ठिपका खोल गेला असेल आणि धारेवर असेल तर तेवढी धार मागे घ्यावी लागते.

वर्षातून एकदा, जूनच्या आधी, मूठ आणि पातं जिथे मिळतात ती जागा भिंगाखाली बघा. तिथे केसाएवढी आडवी चीर दिसली तर त्या सुरीचं काम संपलं. वेल्डिंग करून घेऊ नका: उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना ते आधीपेक्षा कच्चं होतं. पातं मोडून, धार घासून बोथट करून भंगारात द्या, म्हणजे ती सुरी दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊन मोडणार नाही.